कमी खर्चात शहर कसं बघावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परक्या शहरात चार दिवस काढायचे आहेत आणि खिसा फार जड नाही, अशा वेळी जे प्रश्न हमखास विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. 'दिवसाला किती पैसे लागतील' याचं उत्तर मात्र इथे सापडणार नाही. ते शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतं. पैसा कुठून गळतो आणि ती गळती कशी थांबवायची, एवढंच सांगता येईल. मोफत प्रवेशाचे नियमही अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर नजर टाकून घ्या.

कमी पैशात शहर खरंच बघून होतं का, की सगळं बाहेरूनच बघून परत यायचं?

होतं, आणि चांगलं होतं. शहराचा मोठा भाग मुळातच सगळ्यांचा असतो. रस्ते, चौक, पूल, नदीकाठ, बागा, बाजार, ग्रंथालयं, रेल्वे स्टेशनं यांना फाटक नसतं. शहर तिथे राहणाऱ्यांसाठी वसलेलं असतं आणि ते लोक काही रोज तिकीट काढून जगत नाहीत.

पाहुण्याचा पैसा चार ठिकाणी जातो: राहणं, हलणं, खाणं आणि तिकिटं. बहुतेकांचा सगळा जीव तिकिटं वाचवण्यात अडकलेला असतो, पण गळती उरलेल्या तिघांत जास्त असते. तीही कधी? दमल्यावर, भूक लागल्यावर किंवा उशीर झाल्यावर. दिवसभर पायपीट केलेला माणूस संध्याकाळी समोर दिसेल त्या टॅक्सीत बसतो आणि समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतो. त्या क्षणी त्याला दर विचारण्याचं त्राण नसतं. म्हणून काटकसरीचा बेत म्हणजे मुख्यतः आपण इतके दमणार नाही, असा बेत.

बजेट ठरवायचं कसं?

आधी बांधलेला खर्च बाजूला काढा: जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, विमानतळ किंवा स्टेशन ते मुक्काम आणि परत. उरलेल्या रकमेतून एक किंवा दोन गोष्टींसाठी पैसे आधीच राखून ठेवा. तुम्हाला मनापासून हव्या असलेल्या गोष्टी, मग ते एखादं महागडं संग्रहालय असो, नाटक असो की नीट बसून केलेलं एक जेवण. तिथे मन मारू नका. सगळीकडेच थोडं थोडं मन मारत राहिलं की तिसऱ्या दिवशी माणूस कंटाळून भलत्याच ठिकाणी पैसे उडवतो. मग जे उरेल त्याला दिवसांनी भागा. पहिल्या दिवसाला थोडं जास्त द्या, कारण नव्या गावात पहिल्या दिवशी अंदाज चुकतातच.

एक छुपा खर्च म्हणजे पर्यटक कर. अनेक शहरांत तो दर रात्रीमागे लागतो आणि बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, मुक्कामाच्या ठिकाणी वेगळा द्यावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे. व्हेनिसने तर २०२४ मध्ये, रात्री न राहता फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांवरही ठरावीक गर्दीच्या दिवशी प्रवेशशुल्क लावलं.

कधी जावं म्हणजे स्वस्त पडेल?

हंगाम सुरू होण्याच्या जरा आधी किंवा संपल्या संपल्या. ऐन मंदीच्या काळात दर सगळ्यात कमी असतात हे खरं, पण थंड देशांत तेव्हा दुपारीच अंधारून येतं आणि निम्मी ठिकाणं दुरुस्तीसाठी बंद असतात. फुकट फिरण्याचा सगळा डोलारा उजेडावर आणि हवेवर उभा असतो, हे विसरू नका.

आठवड्याचे वारही बघा. ज्या शहरांत कामासाठी येणाऱ्यांचीच वर्दळ जास्त, तिथल्या हॉटेलांचे दर शनिवार-रविवारी उतरतात. सुट्टीच्या गावांत नेमकं उलटं. मोठं व्यापारी प्रदर्शन, मॅरेथॉन किंवा फुटबॉलचा सामना असेल तर मात्र कुठलाच हिशेब चालत नाही. तारीख पक्की करण्याआधी त्या आठवड्यात शहरात काय आहे, हे शोधायला पाच मिनिटं लागतात.

मध्यवर्ती भागात महाग राहावं की लांब स्वस्तात?

या प्रश्नावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं, की अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये, मिनिटांत मोजावं. शहराच्या मध्यापासून लांब असलेलं, पण स्टेशनच्या दारात असलेलं ठिकाण परवडतं. जवळचं असूनही दोन बसा बदलून जावं लागणारं परवडत नाही.

हिशेब सोपा आहे. लांबच्या खोलीत रात्रीमागे किती वाचतात ते काढा. त्यातून माणशी दोन वेळचं भाडं वजा करा. तिघे-चौघे असाल तर इथेच बचत संपून जाते. मग शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघा. ती साडेअकराला असेल आणि तुम्हाला रात्रीचा कार्यक्रम बघायचा असेल, तर एका टॅक्सीत सगळं मुसळ केरात. शिवाय मुक्काम लांब असला की दुपारी परत येऊन तासभर पाठ टेकता येत नाही. मग ती विश्रांती एखाद्या कॅफेत पैसे देऊन विकत घ्यावी लागते. थेट गाडीने वीस मिनिटांच्या आत, स्टेशनपासून चालत आणि रात्रीही गाडी मिळेल असं ठिकाण शोधा. हा मधला पट्टा बहुतेक शहरांत सापडतो.

हॉस्टेल म्हटलं की अजूनही काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. ही कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. मुलांना पायी सहलीला नेताना रात्रीचा आसरा हवा म्हणून त्याने १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू केलं. आज बऱ्याच हॉस्टेलांत स्वतंत्र खोल्या असतात आणि वयाची अटही नसते. खरा फायदा त्यांच्या स्वयंपाकघराचा. सकाळचं खाणं स्वतः करता आलं तरी आठवड्याच्या खर्चात फरक दिसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही विद्यापीठं आपली वसतिगृहं पाहुण्यांना देतात, तोही पर्याय पाहावा.

अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या. तीन तारे देणारा माणूस सहसा खरं बोलतो. आणि बुकिंगच्या संकेतस्थळाबाहेर परस्पर पैसे पाठवा असं कोणी म्हणालं, तर ती जागा कितीही स्वस्त असो, सोडा.

विमानतळावरून शहरात जायचा स्वस्त मार्ग कोणता?

सगळ्या सहलीतले सर्वांत महाग किलोमीटर हेच, कारण तेव्हा तुम्ही पेंगुळलेले आणि नवखे असता. त्यामुळे हे उत्तर घरी बसून शोधायचं असतं.

बऱ्याच शहरांत विमानतळावरून दोन प्रकारच्या गाड्या सुटतात: पाहुण्यांसाठीची झगमगीत जलद गाडी आणि तिथल्या लोकांची साधी गाडी. लंडनच्या हीथ्रोवरून हीथ्रो एक्स्प्रेस जाते, तशीच एलिझाबेथ लाइन आणि पिकॅडिली लाइनही जाते. या दोन्ही थोड्या हळू, पण बऱ्याच स्वस्त. सिडनीत विमानतळाच्या दोन्ही स्टेशनांवर भाड्याशिवाय वेगळं स्थानकशुल्क लागतं. त्याच मार्गावरच्या शेजारच्या मॅस्कट स्टेशनवर ते लागत नाही. असं काही तुमच्या शहरात आहे का, ते बघून ठेवा.

रात्री उशिरा उतरणारं विमान स्वस्त असतं ते उगाच नाही. त्या वेळी गाडी नसेल तर वाचवलेले पैसे टॅक्सीवाल्याला जातात.

पास काढावा की सुटी तिकिटं?

आधी दिवसाला किती फेऱ्या होतील ते मोजा. एका भागात चालतच फिरणार असाल तर दोनच होतील, आणि मग पास अंगावर पडतो. हल्ली काही शहरांत हा प्रश्नच उरलेला नाही. लंडनमध्ये बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवत प्रवास केला की दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा आपोआप लागू होते, त्यापुढे पैसे कापले जात नाहीत. फक्त प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवायला हवं. एकदा कार्ड आणि एकदा फोन असं केलंत तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी धरते. आणि तिथला आठवडा सोमवार ते रविवार असतो.

पास काढलाच तर तो २४ तासांचा आहे की त्या तारखेपुरता, हे विचारा. २४ तासांचा पास दुपारी तीनला सुरू केला तर दुसऱ्या दिवसाची दुपारही त्यात निघते. तारखेपुरता पास संध्याकाळी काढण्यात अर्थ नाही. युरोपातल्या अनेक शहरांत नुसतं तिकीट हातात असून भागत नाही, ते यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तपासनीस तुम्हाला विनातिकीट धरतो आणि त्या दंडात तीन दिवसांची काटकसर वाहून जाते.

काही ठिकाणी प्रवासच फुकट आहे. लक्झेम्बर्गने २०२० मध्ये देशभरातली सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी मोफत केली, पाहुण्यांसकट. फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तिकीट लागतं. मेलबर्नच्या मध्यभागात २०१५ पासून ट्राम मोफत आहे. एस्टोनियाच्या टालिनमध्येही २०१३ पासून मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना. पाहुण्यांनी तिकीट काढायचं.

उघड्या टपाच्या पर्यटक बसने शहर बघणं परवडतं का?

चालता येत नसेल किंवा हातात एकच दिवस असेल तर जरूर घ्या. एरवी शहराची साधी बस किंवा बोट तेच काम करते. बर्लिनची १०० क्रमांकाची बस भिंत पडल्यानंतर १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम भाग जोडायला सुरू झाली. ती अलेक्झांडरप्लाट्झवरून निघून संसद भवन आणि विजयस्तंभावरून प्राणिसंग्रहालयापर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी मिळाली की झालं.

बोटींचं तर विचारूच नका. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून मोफत आहे. सुमारे २५ मिनिटांत ती तुम्हाला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरून नेते. धक्क्यावर मात्र 'फेरीचं तिकीट' विकणारे भेटतात, त्यांना वळसा घाला. हाँगकाँगची स्टार फेरी आणि इस्तंबूलमध्ये युरोपातून आशियात नेणाऱ्या बोटी मोफत नाहीत, पण ती रोज कामावर जाणाऱ्यांची वाहनं आहेत आणि त्यांचं भाडंही तसंच आहे. सहलीच्या नौकांमधून दिसतं तेच पाणी, तोच किनारा.

जमिनीखालीही बघण्यासारखं असतं. स्टॉकहोमच्या मेट्रोच्या शंभर स्थानकांपैकी नव्वदहून अधिक ठिकाणी चित्रं, शिल्पं, मोझॅइक आहेत. काही स्थानकं तर उघड्या खडकावर रंगवलेल्या गुहाच आहेत. एका तिकिटात पावसाची अख्खी दुपार निघते.

चालत फिरायचं तर बेत कसा आखावा?

नकाशावर बघायच्या जागांवर खुणा करा आणि मग जवळजवळच्या खुणांचे गट पाडा. एका दिवसाला एक गट. सकाळी उत्तरेला, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी पुन्हा उत्तरेला अशी पळापळ केली की पैसा आणि पाय दोन्ही जातात. जिथे उघडण्याची वेळ ठरलेली आहे ते सकाळी उरका. रस्ते, पूल, बागा कुठे जात नाहीत.

'मोफत' पायी सहली खरंच मोफत असतात का?

नाही. शेवटी टोपी फिरते. वाटाड्याची कमाई त्या बक्षिसीवरच असते आणि काही ठिकाणी त्याला सहल चालवणाऱ्या कंपनीला माणशी रक्कम भरावी लागते. तुम्ही काहीच न देता निघून गेलात तर त्याच्या खिशातून जातं. तेव्हा हा खर्च बजेटमध्ये धरा. तरीही पहिल्या सकाळी अशी सहल करावी असं मला वाटतं. दोन तासांत शहराचा अंदाज येतो आणि पाणी कुठे मिळतं, कुठला भाग टाळावा, हे विचारायला हाताशी एक माणूस असतो.

खरोखर मोफत हवं असेल तर ग्रीटर मंडळी शोधा. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही चळवळ आता जगातल्या अनेक शहरांत पसरली आहे. स्थानिक स्वयंसेवक तुम्हाला आपला मोहल्ला हौसेने दाखवतात. बक्षिसी घेत नाहीत, पण आधी नोंदणी करावी लागते.

संग्रहालयं महाग असतात. ती सगळी सोडून द्यावीत का?

मुळीच नाही. उलट जगातली काही उत्तम संग्रहालयं रोजच मोफत असतात. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं तेच मोफत. २००१ पासून ब्रिटनच्या सगळ्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह विनातिकीट बघता येतात. तिकीट लागतं ते खास प्रदर्शनांना. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं आणि तिथलं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयही मोफत. त्यामागची गोष्ट मजेदार आहे. जेम्स स्मिथसन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या संपत्तीतून १८४६ मध्ये ही संस्था उभी राहिली, आणि त्या माणसाने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं! लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरला प्रवेश मोफत आहे, पैसे लागतात ते गाडी उभी करायला. सार्वजनिक बसने गेलात तर तेही नाहीत.

बाकीच्यांना ठरलेली वेळ साधावी लागते. माद्रिदचं प्रादो रोज शेवटचे दोन तास मोफत असतं. इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, त्यात रोमचं कोलोसियमही आलं. व्हॅटिकनची संग्रहालयं इटलीच्या सरकारची नव्हेत, त्यामुळे त्यांचा मोफत दिवस वेगळा: महिन्याचा शेवटचा रविवार, तोही दुपारपर्यंतच.

वर्षातले काही दिवसही लक्षात ठेवा. १८ मे हा १९७७ पासून आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास बऱ्याच संग्रहालयांत मोफत प्रवेश किंवा खास कार्यक्रम असतात. युरोपात मुख्यतः सप्टेंबरात वारसा दिन होतात. तेव्हा एरवी बंद असलेल्या इमारती, कधी मंत्रालयं आणि राजवाडेसुद्धा, उघडतात. लंडनमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेला ओपन हाउस हा उत्सव याच जातीचा, आणि आता तो अनेक शहरांत भरतो. तारखा हातात असतील तर सहल त्यांच्याभोवती बेतावी, इतके हे दिवस चांगले असतात.

पण मोफत दिवशी गर्दी फार असते ना?

असते. प्रादोबाहेर मोफत वेळेआधी रांग वळण घेऊन मागे जाते. एका चित्रासाठी जन्मभर थांबला असाल तर सरळ तिकीट काढून सकाळी जा. राखून ठेवलेले पैसे अशाच वेळेसाठी आहेत. नुसती उत्सुकता असेल तर रांग चालते.

विद्यार्थी, २६ वर्षांखालचे, ज्येष्ठ नागरिक यांना सवलत असते का, हे खिडकीवर विचारायला लाजू नका. ओळखपत्र मात्र जवळ हवं. काही सवलती फक्त त्या देशाच्या नागरिकांना असतात, त्यामुळे नकार आला तरी वाईट वाटून घेऊ नये.

सिटी पास घ्यावा का?

सिटी पास म्हणजे एकदाच पैसे भरून शहरातली बरीच ठिकाणं बघायचं कार्ड. त्याच्या यादीत साठ ठिकाणं असतात. त्यातली तुम्ही *पास नसता तरी* पैसे देऊन बघितली असती ती किती? तेवढ्यांच्याच तिकिटांचे पैसे जोडा. बहुतेक वेळा चार-पाचच निघतात आणि पास महाग ठरतो. पास घेतला की तो वसूल करण्याची घाई लागते, दिवसाला पाच ठिकाणं होतात आणि एकही नीट बघून होत नाही. यादीतली बरीचशी ठिकाणं एरवीही मोफत असतात, तेही तपासा. ज्या पासात रांग टळते आणि वाहतूकही येते, त्याचा विचार करावा.

उंचावरून शहर बघायचंय, पण मनोऱ्यांची तिकिटं परवडत नाहीत.

मनोऱ्यावर चढलं की तोच मनोरा दिसत नाही, ही त्यातली गोम. आसपास दुसरी जागा शोधा. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर दर्शनकक्ष आहेत. मोफत. बर्लिनच्या संसद भवनावरचा काचेचा घुमट १९९९ मध्ये पूर्ण झाला, तोही मोफत आहे, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. लंडनच्या एका उंच इमारतीवरच्या स्काय गार्डनचंही तसंच, आधी नोंदणी केली तर पैसे नाहीत. अशा जागा आठवडे आधी भरतात. काहीच मिळालं नाही तर टेकडी, मोठा पूल किंवा सार्वजनिक ग्रंथालयाचा वरचा मजला बघा.

संगीत, नाटक यांवर पाणी सोडायचं का?

उभं राहायची तयारी असेल तर नाही. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात उभ्याच्या चारशेहून अधिक जागा आहेत. तिथे बसायच्या खुर्चीच्या मानाने किरकोळ पैशांत जगातले उत्तम गायक ऐकायला मिळतात. जुने रसिक कठड्याला रुमाल बांधून आपली जागा धरतात. लंडनमध्ये १८९५ पासून चालत आलेल्या प्रॉम्सच्या उन्हाळी मैफलींनाही उभ्याची तिकिटं असतात. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ १९७३ पासून टीकेटीएसची खिडकी आहे, तिथे त्याच दिवशीच्या नाटकांची उरलेली तिकिटं सवलतीत मिळतात.

संगीत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या मैफली बहुतेकदा मोफत असतात, आणि तिथे आज गाणारे उद्या मोठ्या मंचावर असतात. मोठ्या चर्चमध्ये दिवसा तिकीट लागतं, पण प्रार्थनेला लागत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलात तर तिथल्या गायकवृंदाचं गाणं ऐकायला मिळतं. मात्र तिथे भाविकासारखं बसायचं. फोटो काढत हिंडायचं नाही.

खाण्यावर खर्च कसा आवरावा?

मुख्य जेवण दुपारी करा. अनेक शहरांत तेच स्वयंपाकघर, तेच पदार्थ दुपारी ठरावीक थाळीच्या भावात देतं आणि रात्री दीडपट घेतं. प्रसिद्ध चौकाला तोंड करून असलेली टेबलं टाळा. तिथे तुम्ही जागेचं भाडं भरत असता. दोन गल्ल्या मागे जा, कचेरीतली माणसं कुठे शिरतात ते बघा. उभ्याने घेतलं तर एक दर आणि टेबलावर बसलं तर दुसरा, अशीही पद्धत असते. टेबलावर मागितल्याशिवाय येणाऱ्या वाट्या सगळीकडे फुकट नसतात. 'याचे पैसे लागतात का' हे विचारण्यात काही गैर नाही.

पिशवीत कायम काहीतरी खाऊ ठेवा. भुकेल्या माणसाचा हिशेब कच्चा असतो.

पाण्याची बाटली रिकामी घेऊन निघा. झ्युरिकमध्ये पिण्यायोग्य पाण्याची बाराशेहून अधिक कारंजी आहेत. रोममध्ये रस्तोरस्ती 'नासोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. त्यांचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते आणि वाकावं लागत नाही. जिथे नळाचं पाणी पिण्याजोगं नाही, तिथे मोठी बाटली वाणसामानाच्या दुकानातून घ्या, प्रेक्षणीय स्थळाच्या दारात नको.

पैसे बदलून न्यावेत की कार्ड वापरावं?

दोन्ही जवळ ठेवा, दोन वेगवेगळ्या खिशांत. कार्ड टेकवल्यावर यंत्र विचारतं: तुमच्या चलनात की इथल्या? नेहमी *इथल्या* असं निवडा. आपलं चलन निवडलं की दुकानदाराकडची यंत्रणा स्वतःच्या दराने रूपांतर करते आणि तो दर तुमच्या बाजूचा नसतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच. सुट्या रकमा सारख्या काढण्यापेक्षा एकदाच पुरेशी काढा, कारण शुल्क दर खेपेला लागतं. निघण्याआधी आपल्या बँकेत परदेशी व्यवहारांवर किती टक्के कापतात, ते विचारा आणि कार्डावर परदेशी वापर सुरू करून घ्या.

फसवणुकीची भीती वाटते.

पाहुण्यांना गाठण्याचे प्रकार जगभर सारखेच असतात. 'आज ते बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' म्हणणारा चालक, हातात दोरा बांधून मग पैसे मागणारा, सही घेण्याच्या निमित्ताने घोळका करणारे. तुम्ही न विचारता जो मदतीला धावतो त्याला हसून नकार द्या आणि चालत राहा. रस्ता विचारायचा असेल तर माणूस तुम्ही निवडा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला तर नेट नसतानाही चालतो आणि चौकात भांबावून उभं राहावं लागत नाही.

लहान मुलं किंवा वयस्क आईवडील बरोबर असतील तर?

मग दिवसाला एकच ठिकाण ठरवा आणि मुक्काम मध्यवर्ती घ्या. इथे जागेवर केलेली काटकसर महागात पडते. मुलांना वाहतुकीत आणि संग्रहालयांत कितव्या वर्षापर्यंत सूट आहे ते बघा, ते वय ठिकाणागणिक वेगळं असतं. मोठ्या संग्रहालयांत चाकांची खुर्ची मोफत मिळते, विचारावं लागतं. संध्याकाळच्या टॅक्सीचे पैसे रोजच्या बजेटमध्येच धरा, म्हणजे ती घेताना चुटपुट लागत नाही.

शेवटच्या दिवशी काय लक्षात ठेवावं?

खोली सकाळी सोडायची आणि गाडी रात्रीची, तर सामान मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवता येतं का, हे आदल्या दिवशी विचारा. बरीच ठिकाणं मोफत ठेवून घेतात आणि स्टेशनवरच्या कपाटाचं भाडं वाचतं. प्रवासाच्या कार्डासाठी अनामत भरली असेल तर ती आणि उरलेली रक्कम कुठे परत मिळते ते बघून ठेवा. कधी कधी ती खिडकी फक्त शहरात असते, विमानतळावर नसते. हातात उरलेली नाणी बदलून मिळत नाहीत, फक्त नोटा बदलून मिळतात. म्हणून शेवटच्या दुपारचं खाणं आणि वाटेतली शिदोरी नाण्यांनी घ्या, कमी पडेल तेवढंच कार्डाने द्या.